हवालदाराचा आवाज

बिराजदार हवालदार मला 'आपण कसे आहात, अंबादासराव?' असं म्हणाले, त्या दिवशी मी त्यांच्या घरून चहा न घेताच उठून आलो. शेहेचाळीस वर्षांच्या ओळखीत या माणसानं मला एकदाही 'आपण' म्हटलेलं नव्हतं. राव तर दूरच राहिलं. ते मला बायल्या म्हणायचे. 'काय बे बायल्या, जेवलास का?' हे दारातच ऐकल्याशिवाय मला त्यांच्या घरी आल्यासारखं वाटत नसे.

त्यांचा दोष नव्हता, हे मला कळत होतं. तंबाखूनं घसा खाल्ला आणि गेल्या श्रावणात डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला पुढच्या बाजूनं श्वासापुरतं भोक ठेवलं आणि त्याच्या वर कंठपट्टी बांधली. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणूस वाचला, याचाच सगळ्यांना आनंद. मला मात्र राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

कंठपट्टीचं काम समजायला फार अक्कल लागत नाही. बोलायचं मनात आणलं की जीभ, जबडा आणि गळ्याचे स्नायू हलतात आणि हलताना त्यांच्यातून अगदी बारीक वीज जाते. स्वरयंत्र असो वा नसो, ती वीज जातेच. पट्टीच्या आतल्या बाजूचे चाळीस संवेदक ती टिपतात, त्यावरून शब्द ओळखतात आणि पट्टीतला चिमुकला स्पीकर तो शब्द बोलून दाखवतो. कुठल्या आवाजात बोलायचं, ते साच्यावर ठरतं. माणसाचं अर्ध्या तासाचं जुनं बोलणं मिळालं की संगणक त्यातून त्याच्या आवाजाचा साचा काढतो. घोगरेपणा, हेल, कुठे श्वास तोडतो, कुठे शब्द गिळतो, सगळं त्यात येतं आणि पट्टी त्याच्याच आवाजात बोलू लागते. जुनं बोलणं मिळालं नाही तर तयार आवाज घ्यावा लागतो. पुरुषांसाठी असे चार आहेत आणि चारही बँकेत 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणाऱ्या माणसाचे सख्खे भाऊ वाटतात. वर ते आपलं बोलणं धुऊन, इस्त्री करून पुस्तकी मराठीत ऐकवतात.

बिराजदारांचं जुनं बोलणं जगात एकाच माणसाकडे होतं, माझ्याकडे. आणि ते वापरायला बंदी होती, तीही माझ्याचमुळे.

हे सांगायचं तर सत्त्याण्णव सालात जावं लागेल. मी तेवीस वर्षांचा होतो. सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात जॅकार्डची कार्डं पंच करायचो, म्हणजे टॉवेलवर जे मोर आणि वेलबुट्ट्या येतात त्यांची भोकं पुठ्ठ्यावर पाडायची. संध्याकाळी आम्ही सहा-सातजण तळ्याकाठच्या बागेत भेटायचो. पुरुषांवर जीव जडणारे पुरुष. आमच्यासाठी लोकांकडे एकच शब्द होता, बायल्या, आणि तो अंगावर दगड यावा तसा यायचा. चौकीवरचे पोलीस तो सगळ्यांत जोरात फेकायचे. आधी शब्द, मग लाठी, मग घड्याळ काढून घ्यायचे.

नागेश चिप्पा माझा होता. याहून वेगळं मला त्याच्याबद्दल लिहिता येत नाही. लग्नाच्या बँडमध्ये तो क्लॅरिनेट वाजवायचा. त्या वर्षी फेब्रुवारीतल्या धाडीत त्याच्या डाव्या कानावर फटका बसला आणि पडदा फाटला. एका कानानं सूर धरता येईना. बँडवाल्यानं दोन लग्नं वाट पाहिली आणि त्याच्या जागी दुसरा घेतला. वर्षभरानं नागेश भिवंडीला मागावर गेला. नऊ वर्षं तो फक्त दिवाळीला आणि गड्ड्याच्या जत्रेला यायचा. मग तिकडेच तापानं गेला. कुणी मारलं, असं मी त्याला शंभरदा विचारलं असेल. 'गर्दीत दिसलं नाही रे,' एवढंच तो म्हणायचा.

मार्चमध्ये मी सापडलो. मांडीवर दोन बसल्या. बिराजदार नावाच्या हवालदारानं माझं नाव, कारखान्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. आता मालकाला फोन जाणार, नोकरी जाणार, घरी कळणार, या भीतीनं मी आठ दिवस जेवलो नाही. नवव्या दिवशी फोन आला. मालकानं परदेशी गिऱ्हाइकांसाठी निरोप टेप करणारं यंत्र घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असलं की ते आपोआप फोन घ्यायचं. सुट्टी संपली की निरोप ऐकून उतरवून ठेवायचं काम माझं.

त्यात त्याच हवालदाराचा आवाज होता. 'ए बायल्यांनो, आज बागंकडं फिरकू नका बे. साहेब सोताच येनार हाय. हाडं मोडून घेऊ नका उगं.'

आम्हाला तो सापळा वाटला. दोघं मुद्दाम गेले आणि मार खाऊन आले. त्यानंतर मात्र आम्ही त्या आवाजाचं ऐकू लागलो. सात वर्षांत त्रेसष्ट निरोप आले आणि एकही खोटा निघाला नाही. प्रत्येकाची सुरुवात त्याच शब्दानं. त्या माणसाला आमच्यासाठी दुसरा शब्द ठाऊकच नव्हता. पहिल्या वर्षी तो ऐकला की मी पटकन यंत्राचा आवाज कमी करायचो. तिसऱ्या वर्षी आम्ही एकमेकांना त्याच हेलात हाका मारायला लागलो. ज्या शब्दानं आमची हाडं वाचत होती, त्याला शिवी तरी कसं म्हणायचं? पुढे कायदा बदलला तेव्हा आम्ही संस्था काढली आणि नाव ठेवलं 'बायल्या मंडळ'. नोंदणी करणाऱ्या कारकुनानं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. उद्घाटनाचा नारळ बिराजदारांनी फोडला, गांधी टोपी घालून. भाषण एवढंच केलं, 'बायल्यांनो, मी आता रिटायर हाय. आता तुमचं तुम्ही बगा.' आम्ही इतके हसलो की डोळ्यांतून पाणी आलं.

कॅसेटा मी जपून ठेवल्या होत्या. तिथंच घात झाला.

दोन हजार पस्तीस साली 'निर्मळ' आलं. तोवर फोनमधून आवाज जाणं बंदच झालं होतं. फोन आपल्या बोलण्याचे सेकंदाला पन्नास तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याला एक आकडा देतो आणि फक्त आकडे पाठवतो. पलीकडचा फोन त्या आकड्यांवरून आवाज नव्यानं घडवतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाशी जे पोचतं ते बोलणाऱ्याचं नसतंच, त्याची हुबेहूब नक्कल असते. मधल्या मधे एखादा आकडा गाळला तर तो शब्द पलीकडे जन्मालाच येत नाही. निर्मळचा कायदा असा, की शिव्यांचे आकडे गाळायचे आणि ज्या आवाजाचा रोखच शिवीचा आहे, तो आवाजच अडवायचा.

कायद्याला विरोध करावा असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. मंडळातल्या तन्मयला कॉलेजची पोरं फोन करकरून बायल्या म्हणायची. त्यानं औषध प्यायलं आणि कसाबसा वाचला. त्याच्या आईच्या तोंडाकडे बघून कोण विरोध करणार? सरकारनं यादीच्या समितीवर मला घेतलं. दुखावणारे शब्द कोणते, ते सांगायचं आणि त्या शब्दाचे खऱ्या बोलण्यातले नमुने द्यायचे. मला वाटलं, तो शब्द मायेनंही म्हणता येतो, हे यंत्राला शिकवायला हवं. माझ्याकडे तर त्रेसष्ट नमुने होते! शिवाय, खोटं कशाला बोलू, आमचा हवालदार जगाला दाखवायची मला हौस होती. मी कॅसेटा दिल्या. वर 'हा मायेचा वापर आहे' असा कागद जोडला.

नमुन्यांची प्रत ठरवायला वेगवेगळ्या शहरांतले वीस श्रोते नेमले होते. त्यांना कागद दाखवायचा नाही, असा नियम होता, म्हणजे कुणाचं मत बिघडायला नको. हेडफोन लावून बसलेल्या विशीतल्या मुलीला काय ऐकू आलं असेल? एक पोलीस दमदाटी करतोय, शिवी देतोय आणि हाडं मोडण्याची भाषा करतोय. विसांच्या विसांनी 'अत्यंत दुखावणारा' अशी खूण केली. इतके एकमतानं ठरलेले, एकाच आवाजातले, इतके नमुने यंत्राला दुसरीकडे मिळाले नव्हते. त्यामुळे त्या शब्दासाठी यंत्रानं जो आदर्श धरला तो बिराजदारांचा आवाज. शिवी कशी ओळखायची, तर ती या आवाजाशी किती जुळते ते बघायचं.

त्या महिन्यापासून बिराजदारांचा फोन कुणालाच लागेना. मुलगी महानंदा बाजारात असली तरी ते तिला चहाची पत्ती आण म्हणून सांगू शकत नव्हते. पलीकडे नुसती शांतता. त्यांना वाटलं, अंबादास मोठा झाला, समितीवर गेला, आता आपला फोन कशाला उचलेल? चार महिन्यांनी काठी टेकत माझ्याकडे आले आणि दारातून ओरडले, 'काय बे बायल्या, लई माज आला का?' मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, 'जाऊंदे. आपन समोर बोलू की.' पुढची सात-आठ वर्षं आम्ही समोरासमोर बोललो. मग स्वरयंत्र गेलं आणि समोरही तोच पहारेकरी येऊन बसला, कारण कंठपट्टीलाही निर्मळचीच चाळणी होती.

चहा न घेता उठून आलो त्याच आठवड्यात मी निर्मळच्या तक्रारी ऐकणाऱ्या ध्वनी लवादाकडे अर्ज केला. या माणसाचा साचा मोकळा करा, तो शिवीचा नव्हे, असा. मला त्यांचा आवाज परत हवा होता. आणखी लपवून काय करू, मरण्याआधी मला त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकायचा होता. नागेश गेला, बागेतले बाकीचेही एकेक करून गेले. आता तसं हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं. नवी पोरं शहाणी आहेत, नीट बोलतात, मला सर म्हणतात.

अर्जावर बिराजदारांची सही हवी होती. ती त्यांनी लगेच केली, जरा जास्तच लगेच. 'मला माझा आवाज आवश्यक आहे,' पट्टी म्हणाली. 'एक गोष्ट बोलायची आहे.' मला वाटलं, तेही त्याच शब्दासाठी आसुसलेत.

सुनावणी मेच्या एका टळटळीत दुपारी होती. लवादाच्या अधिकारी आगाशेबाई भल्या होत्या. बिराजदारांना पंख्याखालची खुर्ची दिली, पाणी दिलं. मंडळाच्या घटनेची प्रत आणि उद्घाटनाचे फोटो मन लावून पाहिले. मग म्हणाल्या, "मला पटतंय, अंबादासकाका. कायद्याप्रमाणे फक्त एक प्रश्न विचारावा लागतो. या गृहस्थांनी हा शब्द कुणाला इजा करताना कधी वापरला होता का?"

बिराजदारांनी माझ्या मांडीवर मारलेल्या दोन लाठ्या मला आठवल्या. लाठीच्या आधी काय म्हणाले होते तेही आठवलं. पण त्या दोन मी त्यांना कधीच सोडून दिल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

"आणि तुमचं म्हणणं?" बाईंनी बिराजदारांना विचारलं.

बिराजदारांचे ओठ हलले. गळ्याच्या भोकातून वारा सुटल्यासारखा आवाज आला आणि पट्टी बोलली, "अंबादासराव असत्य सांगत आहेत. मी मारले आहे. हाच शब्द उच्चारून मारले आहे."

"हवालदार, गप बसा," मी म्हणालो. "बाई, त्यांचं वय झालंय. माझ्या दोन लाठ्यांबद्दल बोलतायत. त्याचं काही नाही."

"आपल्याबद्दल नाही," पट्टी म्हणाली. "नागेश चिप्पा. फेब्रुवारी महिना. डाव्या कानावर, लाठीच्या मुठीने. त्याच्या कानातले रक्त माझ्या मनगटाला लागले. त्यानंतर मी फोन करू लागलो."

खोलीत पंखा फिरत होता. नागेश हे नाव त्या तयार आवाजात, रेल्वेच्या स्टेशनाचं नाव सांगावं तसं ऐकताना मला आधी कळलंच नाही की हे माझ्या नागेशबद्दल आहे.

पट्टी थांबत नव्हती. "त्याने मला पाहिले होते. पुढे आपल्या कारखान्याच्या कार्यालयात उजवा कान लावून त्याने माझा निरोप ऐकला आणि आवाज ओळखला. तो मला येऊन भेटला. म्हणाला, अंबादासला सांगू नका. त्याला कळले तर तो तुमचे निरोप ऐकणार नाही आणि मुले मार खातील. मी वचन दिले. आता माझे दिवस संपत आले आहेत. हे मला माझ्या आवाजात सांगायचे होते. परंतु असत्य सांगून मिळालेल्या आवाजात ते सांगता आले नसते."

आगाशेबाईंनी समोरचे फोटो गोळा करून घटनेच्या प्रतीवर ठेवले. मग खाली बघत म्हणाल्या, "ही कबुली मला नोंदवावी लागेल. नोंदवली की साचा कायमचा बंद होतो. तुम्ही म्हणालात तर दोन मिनिटं मी बाहेर जाऊन येते आणि आल्यावर तोच प्रश्न नव्यानं विचारते."

"नोंदवा," पट्टी म्हणाली.

येताना रिक्षात आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. महानंदानं मला बजावून पाठवलं होतं, 'काका, बाबांना उतरताना धरा हं, तोल जातोय.' नागेशच्या त्या दिवाळ्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. दिवाळीला आला की तो माझ्या ऑफिसात यायचा, त्या यंत्राला कान लावून जुने निरोप ऐकायचा आणि हसायचा. मी त्याला म्हणायचो, 'बघ, कसा देवमाणूस आहे.' तो हो म्हणायचा. नऊ वर्षं हो म्हणत राहिला आणि भिवंडीत एका कानानं मागाची खडखड ऐकत मेला. मला त्याचा राग आला, मेलेल्या माणसाचा. मग बिराजदारांचा आला. आणि या रागाचं पुढे काय करायचं, तेच सुचेना.

घराच्या पायरीशी मी त्यांना धरून उतरवलं. महानंदा आत असावी, हुग्गीचा वास येत होता. आज बाबांचा आवाज येणार म्हणून तिनं गोड केलं होतं. बिराजदार पायरीवरच बसले. मी उभा राहिलो.

"स्वतःच्या तोंडानं सांग," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरेतुरे करत होतो. "त्याला मारलंस, ते या डबड्यातून नको. स्वतः सांग."

त्यांनी पट्टी सोडली. ओठ हलले, पुष्कळ वेळ हलले. गळ्याच्या भोकातून नुसता वारा येत होता. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. दमून त्यांनी पट्टी पुन्हा बांधली.

"मी आपली क्षमा मागतो," पट्टी म्हणाली.

त्या आवाजाला मी काय क्षमा करणार? घोगरा, शब्द गिळणारा त्यांचा आवाज असता तर त्यात लाज आहे की नुसतं म्हातारपण, हे मला पहिल्याच शब्दात कळलं असतं. त्रेसष्ट निरोपांतला एकेक श्वास मला पाठ होता. त्यावरून मला ठरवता आलं असतं, या माणसाला जवळ घ्यायचं की त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आता ठरवायला माझ्यापाशी काहीच नव्हतं. ते मीच, हौसेनं, कागद जोडून देऊन टाकलं होतं.

"काका, काय झालं?" महानंदा हात पुसत दारात आली. "मिळाला का बाबांचा आवाज?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

तेवढ्यात बिराजदारांची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले. डोळे टोपीखाली दिसत नव्हते. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, जबडा वाकडा झाला होता. पट्टीनं ते सगळे स्नायू टिपले, त्यांचा शब्द लावायचा प्रयत्न केला आणि गोड आवाजात म्हणाली, "समजले नाही. कृपया पुन्हा बोला."

खांदे आणखी जोरात हलले.

"समजले नाही. कृपया पुन्हा बोला."

तिसऱ्यांदा ती तेच म्हणाली तेव्हा मी खाली वाकलो आणि बटण शोधून तिला बंद केलं. बिराजदार तसेच बसून होते, आवाज न करता हलत. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि तिथून निघून जाताही येईना.